चार ग्रॅम काढायचे, पण कुठून?

हैदराबादच्या कुकटपल्लीला लागून बालानगर आहे. एचएएल, एचएमटी यांसारख्या सरकारी कारखान्यांच्या आधाराने या पट्ट्यात लेथ, मिलिंग आणि ग्राइंडिंगची लहान वर्कशॉप वाढली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने 1968 साली सुरू झालेली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन, म्हणजे सीआयटीडी, बालानगरातच आहे आणि जवाहरलाल नेहरू तंत्रज्ञान विद्यापीठाचे, म्हणजे जेएनटीयूचे, आवार खुद्द कुकटपल्लीत. अशा पट्ट्यातल्या एखाद्या टर्नरपुढे कोणी जुन्या टू-स्ट्रोक गाडीची, पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिस्टन पिन ठेवून ‘जरा हलकी करून द्या’ म्हटले, तर काम अर्ध्या तासाचे वाटते. पिन आधीच पोकळ असते, भोक थोडे मोठे केले की झाले. माझे म्हणणे असे, की हे अर्ध्या तासाचे काम बहुतेक वेळा चुकीचे असते. त्यात टर्नरच्या हाताचा दोष नसतो. धातू किती काढायचा एवढेच त्याला सांगितलेले असते, तो कुठून काढायचा हे कोणी सांगत नाही.

थोडा हिशेब करू. पिनचा बाहेरचा व्यास 14 मिलिमीटर, लांबी 40 आणि भोक 9 धरले, तर पोलादी पिन साधारण 28 ग्रॅम भरते. भोक 10 केले की सुमारे पावणेपाच ग्रॅम निघतात, म्हणजे वजन जवळपास सतरा टक्क्यांनी उतरते. वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असल्याने तो मात्र अकराच टक्क्यांनी घटतो. इथवर सौदा फायद्याचा दिसतो आणि हलक्या पिनची तरफदारी करणारे याच आकड्यावर थांबतात. पण पिन नुसती वाकत नाही, दाबाखाली ती चेपून अंडाकृतीही होते. त्या चेपण्याला अडवते भिंतीची जाडी, आणि तिचा हिशेब घनाने चालतो. भिंत अडीच मिलिमीटरवरून दोनवर आली की हा विरोध जवळजवळ निम्मा होतो. अर्धा मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही, पण पोकळीच्या आतून लांबीच्या दिशेने जाणारी चीर तिथेच जन्म घेते.

टू-स्ट्रोकमध्ये हे जास्त जाचक होते. इथे दर फेरीला दाब आणि स्फोट असतो, त्यामुळे पिनवरचा भार बहुतांशी वरूनच येतो आणि तेलाला आत शिरायला उसंत मिळत नाही. म्हणून कनेक्टिंग रॉडच्या लहान टोकात निडल बेअरिंग बसवतात आणि त्याच्या सुया थेट पिनच्या पृष्ठभागावर धावतात. पिन जरा जरी चेपली, तरी भार मोजक्या सुयांवर एकवटतो. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. काही टू-स्ट्रोक पिनांच्या पोकळीत मधे किंवा टोकाला पडदा ठेवलेला असतो, सिलिंडरच्या एका पोर्टकडचा वायू पिनमधून दुसरीकडे निसटू नये म्हणून. हलकेपणाच्या हौसेत तो पडदा उडवला, तर ग्रॅम वाचतात आणि ताजे मिश्रण वाया जाते.

मग यातून मिळते काय? यामाहा आरएक्स 100 हे ओळखीचे इंजिन घ्या, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही 50 मिलिमीटर. मिनिटाला 7500 फेऱ्यांवर पिस्टन वरच्या टोकाला पोहोचतो, तेव्हा त्याचा वेगबदल गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दोन हजार पट असतो. म्हणजे ते पावणेपाच ग्रॅम तिथे नऊ किलोंइतका ओढा निर्माण करतात. नऊ किलो ऐकायला मोठे वाटतात, पण सिलिंडरमधला कमाल दाब 40 बार धरला तरी पिस्टनवर येणारा भार 800 किलोंच्या घरात जातो. वर गंमत अशी, की स्फोटाच्या क्षणी पिस्टन-पिनचे जडत्व वायूच्या दाबाच्या उलट खेचत असते, म्हणजे हलकी पिन त्या क्षणी स्वतःवरचा भार कमी करत नाही, किंचित वाढवतेच. फायदा आहे तो चढत्या फेऱ्यांमध्ये आणि हादऱ्यांमध्ये. तोही क्रँकचे संतुलन नव्या वजनाला जुळले तरच.

यावर आक्षेप येतो, की शर्यतीच्या इंजिनांत हलक्या पिना सर्रास वापरतात. वापरतात, पण त्या सरसकट पोखरलेल्या नसतात. वाकण्याचा ताण मध्यभागी सर्वाधिक असतो आणि टोकांकडे शून्यावर येतो, म्हणून तिथे धातू टोकांतून काढतात. पोकळी दोन्ही तोंडांकडे निमुळती उघडत जाते. आपल्याच पिनच्या दोन्ही टोकांना दहा-दहा मिलिमीटर खोलवर, 9 पासून साडेअकरापर्यंत असा उतार दिला, तर सुमारे तीन ग्रॅम निघतात आणि मधले 20 मिलिमीटर अस्पर्श राहतात. पावणेपाचाऐवजी तीन ग्रॅम, पण भिंत जिथे हवी तिथे शाबूत. शिवाय शर्यतवाले पिना ठराविक तासांनी फेकून देतात, रोज कामावर जाणारा माणूस तसे करत नाही. टायटॅनियमचे नावही कोणी घेतो. त्याची ताठरता पोलादाच्या निम्म्याच्या आसपास असते आणि लेप नसेल तर ते घासून चिकटते, तेव्हा चेपण्याचा प्रश्न उलट वाढतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: प्रदूषणाच्या नियमांनी टू-स्ट्रोक दुचाकी संपवल्या, आरएक्स 100 चे उत्पादन 1996 मध्येच थांबले, लूना आणि जुनी चेतक आठवणीत गेली, मग ही उठाठेव कशाला? रस्त्यापुरते हे खरे. पण कोकणात गवत कापणारे ब्रश कटर, करवती, पाठीवरचे फवारणी यंत्र यांत लहान टू-स्ट्रोक इंजिने आजही धडधडतात आणि त्यांचे सुटे भाग दुरुस्त करणारे हात अशाच लेथवर असतात. ही यंत्रे माणूस अंगाजवळ धरतो, त्यामुळे तुटलेल्या पिनची किंमत नुसत्या इंजिनात मोजता येत नाही.

कामाची रीतही तपासायला हवी. पिन बाहेरून कडक आणि आत चिवट ठेवण्यासाठी केस हार्डनिंग करतात, मग बाहेरून मायक्रॉनच्या हिशेबाने घासतात. ती तीन जबड्यांच्या चकमध्ये आवळून आतून कातली, तर पातळ भिंत आवळलेल्या अवस्थेत गोल कातली जाते आणि सोडली की तिकोनी होते, वर बाहेरच्या पॉलिशवर जबड्यांचे वळ उठतात. पिन सगळीकडून सारखी आवळणारा कॉलेट हवा. टूलचे ओरखडे आत राहिले, तर चिरेला वाट तयार मिळते, म्हणून पोकळी शेवटी घासून गुळगुळीत करायला हवी. यातले काहीही कुकटपल्लीच्या टर्नरच्या आवाक्याबाहेरचे नाही. त्याच्याकडे नसते ते कडकपणा मोजायचे आणि चिरा शोधायचे साधन. सीआयटीडी आणि जेएनटीयू यांनी आठवड्यातला एक दिवस शेजारच्या वर्कशॉपांसाठी अल्प शुल्कात तपासणीला ठेवावा. तोवर पिन हलकी करून मागणाऱ्याने निदान मधल्या 20 मिलिमीटरना हात लावू देऊ नये.