नमलेला विद्वान

फ्रान्समधील कांब्रेचे आर्चबिशप फेनेलाँ (१६५१–१७१५) हे मोठे पंडित. १६९९ मध्ये पोपने त्यांच्या भक्तिविषयक ग्रंथातील २३ विधाने सदोष ठरविली, तेव्हा त्यांनी पत्रक काढून तो निर्णय मान्य केला. विद्वानाने असे नमावे काय, असे कोणीही विचारील. मला मात्र ते भित्रे वाटत नाहीत. त्याआधी पाचसहा वर्षे, प्रजा उपाशी मरत असताना, चौदाव्या लुईच्या युद्धखोरीवर त्यांनी सडेतोड पत्र लिहिले होते. (निनावी, हेही सांगितले पाहिजे.) त्यांच्या ‘तेलेमाक’ या कथेत लोकांना राजावरची टीका दिसली आणि दरबाराचे दार त्यांना कायमचे बंद राहिले. १७०९ च्या लढाईत जखमी सैनिक आणि उजाड झालेले शेतकरी कांब्रेला आले. तेव्हा त्यांनी आपला राहता वाडाच त्यांना मोकळा करून दिला.