दीडशे किलोमीटरची लक्ष्मणरेषा

होसूर हे तमिळनाडूतले औद्योगिक गाव बंगळुरूपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर आहे. तेथे दोन हजार एकरांवर, वर्षाला तीन कोटी प्रवाशांची ने-आण करू शकेल असा आंतरराष्ट्रीय विमानतळ उभारण्याची घोषणा मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी जून २०२४ मध्ये विधानसभेत केली. त्यामुळे आपल्या राजधानीचा दुसरा विमानतळ कोठे असावा, या कर्नाटकातील जुन्या वादालाही धार चढली. दोन राज्यांच्या या चढाओढीत एक गोष्ट मात्र दोघांनाही सारखीच आड येते. ती म्हणजे केंद्र सरकारने ५ जुलै २००४ रोजी एका कंपनीशी केलेला करार. देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाल्यापासून पंचवीस वर्षे, म्हणजे मे २०३३ पर्यंत, हवाई अंतराने दीडशे किलोमीटरच्या आत म्हैसूर आणि हासन वगळता दुसऱ्या कोणत्याही विमानतळाला आंतरराष्ट्रीय होऊ द्यायचे नाही, असे केंद्राने त्यात लिहून दिले आहे.

करारावर सही झाली तेव्हा मनमोहन सिंग सरकार येऊन दीड महिनाही झाला नव्हता आणि नागरी विमान वाहतूक खाते महाराष्ट्राच्या प्रफुल्ल पटेल यांच्याकडे होते. वाटाघाटी मात्र आधीच्या वाजपेयी राजवटीतल्या. म्हणजे श्रेय आणि अपश्रेय दोन्ही आघाड्यांनी वाटून घ्यावे, असा हा मामला आहे. कंपनीत खासगी भागीदारांचा वाटा ७४ टक्के. विमानतळ प्राधिकरण आणि राज्याचे महामंडळ यांचा प्रत्येकी १३ टक्के. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हैदराबादजवळच्या शमशाबादसाठी जवळपास त्याच साच्यातला करार झाला. दोन्हींत आणखी एक अट होती. नवा विमानतळ सुरू होताच जुना प्रवासी वाहतुकीला बंद करायचा.

ही अट कागदावर असेपर्यंत कोणाला टोचली नाही. मार्च २००८ मध्ये बेगमपेठ बंद होण्याची वेळ आली, तेव्हा प्राधिकरणाचे कर्मचारी देशभर संपावर गेले. सीताराम येचुरी यांच्या अध्यक्षतेखालील संसदेच्या स्थायी समितीनेही दोन्ही जुने विमानतळ चालू ठेवावेत, असे सुचवले. करार मोडता येणार नाही, हे मंत्रालयाचे उत्तर. समितीची शिफारस सल्ल्यापुरती आणि करार मात्र बंधनकारक, हे या राजधानीतल्या वाचकांना सांगायला नको. बंगळुरूत तर योगायोगही सोयीचा जुळून आला. विधानसभेचे अखेरचे मतदान २२ मे रोजी झाले, मतमोजणी २५ मे रोजी व्हायची होती आणि मधल्या २३-२४ मेच्या मध्यरात्री एचएएलच्या जुन्या विमानतळावरची प्रवासी वाहतूक थांबून देवनहळ्ळी सुरू झाले. राज्यात तेव्हा राष्ट्रपती राजवट होती. जाब विचारावा तर कोणाला?

कंपनीची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती. २००४ मध्ये खासगी भांडवलावर एवढा मोठा विमानतळ उभारणे हे साहस होते. शहराच्या कुशीत जुना विमानतळ चालू राहिला असता, तर चाळीस किलोमीटर दूर कोण गेले असते? कर्ज देणाऱ्या बँकांनीही हेच विचारले असते. पण या युक्तिवादाचा पाया विमानतळ उघडण्याआधीच खचला होता. प्रवाशांची संख्या इतकी वाढली, की बांधकाम चालू असतानाच टर्मिनलचा आराखडा वाढवावा लागला. जुना विमानतळ अखेरच्या वर्षात सुमारे एक कोटी प्रवासी हाताळत होता. २०२४-२५ मध्ये देवनहळ्ळीने चार कोटींचा टप्पा ओलांडला. ज्या जोखमीपोटी संरक्षण दिले ती उरली नाही, संरक्षण मात्र पंचवीस वर्षांचे राहिले. प्रवासी अमुक संख्येपलीकडे गेले की ही तटबंदी आपोआप गळून पडेल, एवढे एक वाक्य मसुद्यात घालायला कोणाची हरकत असण्याचे कारण नव्हते. आणि दरांवर लक्ष ठेवणारे नियामक प्राधिकरण? त्याचा कायदा २००८ चा, प्रत्यक्ष स्थापना २००९ ची. मक्तेदारी आधी दिली गेली, पहारेकरी मागाहून नेमला.

प्रवाशाच्या वाट्याला काय आले, हे बंगळुरूत नोकरी केलेल्या कोणत्याही मराठी अभियंत्याला विचारावे. पुण्याचे विमान दीड तासाचे आणि विमानतळ गाठायला कधी कधी दोन तास! विमानतळाला पंधरा वर्षे पूर्ण झाली, तेव्हाही मेट्रो तेथे पोहोचलेली नव्हती. रस्ता आणि रेल्वे यांची जबाबदारी करारात तेवढ्याच काटेकोरपणे बांधलेली असती, तर जुना विमानतळ बंद झाल्याचे दुःख इतके झाले नसते.

हेच वेगळ्या रीतीने होऊ शकते, हे गोव्याने दाखवले. मोपाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २००० मध्ये मंजुरी दिली, ती दाभोळीची नागरी वाहतूक बंद करण्याच्या अटीवर. दक्षिण गोव्यातून विरोध झाला आणि २०१० मध्ये मंत्रिमंडळाने अट फिरवली. जानेवारी २०२३ मध्ये मोपावरून विमाने उडू लागली, तरी दाभोळीचे नागरी विमानतळ बंद झाले नाही. तेथे आता विमान कंपन्यांची ओढाताण होते हे खरे. पण तो तोटा बाजारातला आहे, सरकारी सहीने लादलेला नाही. वरंगळचे उदाहरण तर याहून बोलके. मामनूरची जुनी धावपट्टी पुन्हा वापरात आणण्यासाठी हैदराबादच्या कंपनीची ना-हरकत मिळवावी लागली, मगच २०२५ मध्ये केंद्राचा हिरवा कंदील दिसला. सार्वभौम सरकारने आपल्याच जमिनीवरच्या धावपट्टीसाठी सवलतदाराच्या होकाराची वाट पाहावी, ही गोष्ट करारशास्त्रात बसते. राज्यशास्त्रात कशी बसवायची?

मे २०३३ लांब वाटतो, पण तसा तो नाही. नवी मुंबईला तत्त्वतः मान्यता २००७ मध्ये मिळाली आणि पहिले प्रवासी विमान उडायला २०२५ चा डिसेंबर उजाडला. बंगळुरूची वाढ पाहता दुसऱ्या विमानतळाची जागा, भूसंपादन आणि करार यांचे निर्णय मुदत संपण्याची वाट न पाहता घ्यावे लागतील आणि त्यांत पुन्हा कोणाला तरी हमी द्यावीच लागेल. ती किती वर्षांची, कोणत्या अटींवर आणि जुन्या विमानतळाचे काय करणार, याचा मसुदा सही होण्याआधी स्थायी समितीपुढे येणार आहे काय, हा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या खासदाराने लोकसभेत विचारायला हरकत नाही.