चालतंय ना!

आमच्या शेजारच्या काकूंची बरेच दिवस अशी समजूत होती, की मी लष्करी इस्पितळात नोकरीला आहे. चूक त्यांची नव्हे. गॅलरीत उभा राहून मी फोनवर जे ओरडत असे ते त्यांच्या कानी पडायचं. "कर्नल रात्री पुन्हा कोसळला! दोनदा! हो, उठवलाय, पण काही खरं नाही त्याचं!" शेवटी एक दिवस त्यांनी हिला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "फार वय झालंय का हो त्यांचं?"

आमचा कर्नल फौजेतला नव्हे. संगणकाच्या अगदी तळाशी बसून सगळा कारभार हाकणारा जो प्रोग्राम असतो, तो हा कर्नल. वरचा एखादा प्रोग्राम पडला तर तो एकटा पडतो. कर्नल पडला की यंत्रच आडवं होतं. आमचं यंत्र रुग्णाच्या उशाशी ठेवून नाडीचे आकडे दाखवायचं होतं. कर्नल कोसळला की पडदा काळा आणि पुन्हा उजेड पडेपर्यंत चाळीस सेकंद. चाळीस सेकंद किती लांब असतात, हे अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर ज्याने रात्र काढली आहे त्याला मी सांगायला नको. सुदैवाने यंत्र अजून आमच्याच टेबलावर होतं. उशाशी जाणार होतं पुढच्या महिन्यात.

आणि गंमत अशी, की हाच कर्नल आधीच्या यंत्रात चार वर्षं ठणठणीत होता. मग बदललं काय? फक्त कंपायलर नवा आला. झालं! मीटिंगमध्ये पाच मिनिटांत निकाल लागला : दोष कंपायलरचा. या निकालाचं सर्वांत मोठ्या आवाजात समर्थन करणारा इसम मीच होतो, हेही सांगून टाकतो.

पाठोपाठ उपचार सुरू झाले. एकाने मधेच "इथपर्यंत आलो" असा संदेश छापायची ओळ घातली. कोसळणं बंद! दुसऱ्याने तेवढ्या फाइलपुरती कंपायलरची हुशारी कमी केली. कोसळणं बंद! तिसऱ्याने दिसेल तिथे 'व्होलाटाइल' हा शब्द अंगाऱ्यासारखा फासला. त्याने काही झालं नाही, पण अंगारा कुणी पुसतं का? तोही राहिला. साहेब म्हणाले, "चालतंय ना? मग पाठवून द्या."

माझं भांडण आहे ते या 'चालतंय ना'शी.

कंपायलर म्हणजे कोण, ते आमच्या स्वयंपाकघरातून सांगतो. आपण प्रोग्राम लिहितो म्हणजे "आमटी करा" एवढंच सांगतो. कुठलं भांडं कधी घ्यायचं ते घरची बाई ठरवते. ओट्यावर हाताशी असलेली मोजकी भांडी म्हणजे प्रोसेसरमधली रजिस्टरं. आतलं कपाट म्हणजे मेमरी. पण कर्नलमध्ये काही कामं अशी असतात, की ती सांगून होत नाहीत. तिथे आपण स्वतःच स्वयंपाकघरात घुसून थेट प्रोसेसरच्या भाषेत दोन ओळी लिहितो. हीच 'इनलाइन असेंब्ली'. याला बंदी नाही. अट एकच : कुठल्या भांड्यांना हात लावला त्याची यादी द्यायची. कंपायलर तुमच्या त्या दोन ओळी वाचत नाही, फक्त यादी वाचतो. जे भांडं यादीत नाही, ते जसंच्या तसं आहे असं धरून चालतो.

आता घरातला पुरुष चहा करायला ओट्याशी जातो, समोरचं पातेलं रिकामं करतो आणि त्यात विरजण लावलेलं होतं हे त्याला संध्याकाळी कळतं. दोष कुणाचा? आमच्या घरी या प्रश्नाचा निकाल लागून वीस वर्षं झाली. कचेरीत मात्र तोच पुरुष ताठ मानेने सांगतो, "काल तर इथलंच पातेलं घेतलं होतं, काही झालं नाही!" काल विरजण कपाटात होतं, महाराज!

उपचार का लागू पडले, तेही यातच आलं. मधे संदेश छापायला सांगितला की बाई भांडी हलवते. हुशारी कमी केली की प्रत्येक गोष्ट कपाटात ठेवून पुन्हा काढते. म्हणजे विरजण वाचलं ते योगायोगाने. चहावाला मोकळाच!

तीन आठवडे मी कंपायलरला शिव्या घालत होतो. मग एका रात्री, दुसरं काही सुचेना म्हणून, कोसळताना कर्नल जो पंचनामा छापतो तो नीट वाचला. कर्नल एका भलत्याच पत्त्यावर गेला होता : ७५६ई६५४७. दर वेळी हाच पत्ता. सहज चाळा म्हणून त्या आकड्यांची अक्षरं केली आणि उजवीकडून वाचली. जी, ई, एन, यू. अंगावर काटा आला. प्रोसेसरला "तू कोण?" असं विचारायची एक आज्ञा असते, सीपीयूआयडी. इंटेलचा प्रोसेसर त्यावर "जेन्युइन इंटेल" असं उत्तर देतो, आणि त्याची पहिली चार इंग्रजी अक्षरं बीएक्स नावाच्या रजिस्टरात टाकतो. ही आज्ञा एकूण चार रजिस्टरं पुसते. यादीत होती तीन. नव्या कंपायलरने बीएक्समध्ये एक पत्ता विश्वासाने जपून ठेवला होता.

ती यादी चार वर्षांपूर्वी कुणी लिहिली होती? फाइलच्या माथ्यावर नाव होतं. माझंच. दोष 'जेन्युइन' होता, अस्सल घरचा होता.

कंपायलर कधी चुकतच नाही, असं मी म्हणत नाही. २०१४ साली जीसीसी ४.९.० ने लिनक्सच्या कर्नलमध्ये खरोखरच चुकीचा कोड काढला होता. स्टॅकवर जागा राखून ठेवण्याआधीच तिथे सामान मांडलं होतं. त्यात कहर असा, की कंपायलरचं हे बिघडणं ज्या सोयीमुळे होत होतं, ती चुका शोधायला मदत व्हावी म्हणूनच दिलेली होती! लिनस टोरवाल्ड्सने तेव्हा कंपायलरला दिलेल्या शिव्या आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहेत. शिव्यांबरोबर त्याने यंत्रभाषेतल्या नेमक्या ओळी पुढे ठेवल्या होत्या, हे मात्र कुणाला आठवत नाही. आम्ही शिव्या घेतल्या, ओळी सोडल्या. कंपायलरवर जरूर आरोप करा, पण आधी त्याने काय लिहिलंय ते वाचा. आणि आधी स्वतःची यादी तपासा.

मी यादीत एक शब्द घातला. संदेश काढला, हुशारी पूर्ववत केली, अंगारे पुसले. यंत्र दहा दिवस अखंड चाललं. साहेब म्हणाले, "तीन आठवड्यांत एकच शब्द? आणि आधीही चालतंच होतं ना?" मी म्हणालो, "साहेब, आधी चालत होतं. आता बरोबर आहे." त्यांना फरक कळला नाही. ज्याच्या उशाशी ते यंत्र असेल त्यालाही तो कधी कळणार नाही, आणि कळू नये म्हणूनच तर एवढा आटापिटा!

परवा जिन्यात काकू भेटल्या. "कसे आहेत हो तुमचे कर्नलसाहेब?"

"बरे आहेत," मी म्हणालो. "त्यांना काही झालंच नव्हतं. औषध देणाराच चुकला होता."

"तरी मी म्हणतच होते!" काकू म्हणाल्या.