पिंपावरचे चित्र

जेवणाच्या टेबलावर अंथरलेले प्लास्टिक दोन-तीन वर्षांत कडक होते. घडीवर तडकते, कडा वर वळतात. पावसाळी चपलेचे, बागेतल्या पाण्याच्या नळीचे, रिक्षाच्या रेक्झिन सीटचे तेच. ‘जुने झाले’ म्हणून आपण ते भंगारात देतो. प्रत्यक्षात बऱ्याच अंशी त्यातला मऊपणा निघून गेलेला असतो. पीव्हीसी मुळात पाइपासारखे ताठ. ते कापडासारखे वाकवायचे तर त्यात तेलासारखा एक द्रव मिसळावा लागतो आणि तोही चवीपुरता नव्हे. मऊ पीव्हीसीच्या वजनातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग या द्रवाचा असू शकतो. कारखानदारीत त्याला डीओपी म्हणतात, शास्त्रज्ञ डीईएचपी. थॅलेट कुळातले हे रसायन पीव्हीसीच्या रेणूंशी जोडले जात नाही. कणकेत मोहन मुरावे तसे ते नुसते मुरलेले असते आणि म्हणूनच सुटते: हवेत, घरातल्या धुळीत, हाताला, आणि सर्वांत सहज तेला-तुपात. ते सुटून कुठे जाते याचा पुरता हिशेब आपल्याकडे कोणताही कायदा मागत नाही. कारण रसायनांच्या धोक्याची आपली कल्पना कारखान्याच्या फाटकाशी संपते.

ही कल्पना स्फोटांनी घडवली आहे. भोपाळनंतर १९८९ मध्ये धोकादायक रसायनांचे उत्पादन, साठवणूक व आयात यांचे नियम आले. त्यांचे निकष तीव्र विषारीपणा, ज्वलनशीलता आणि स्फोटकता हे आहेत. डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यांत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये जे स्फोट झाले, ते पाहता हे निकष चुकीचे कोण म्हणेल? पण त्या मोजपट्टीवर डीओपी अगदी सोज्वळ ठरते. ते सुमारे ३८५ अंश सेल्सियसला उकळते, सहजी पेट घेत नाही, त्याला जवळजवळ वास नाही आणि एका मात्रेत जीव घेण्याइतके ते जहालही नाही. मग पिंप शेडच्या कोपऱ्यात उघडेच राहते. मिक्सरमध्ये भुकटीवर ते ओतताना हातमोजे असले तर असले. मिश्रण तापलेल्या रुळांमधून निघते तेव्हा त्यातून पांढुरकी वाफ उठते, ती छताच्या पत्र्यावर आणि खिडकीच्या काचेवर थिजून तेलकट थर धरते. पत्र्यावर जे बसते ते कामगाराच्या छातीतही जाते. यंत्रावर हवा ओढणारा पंखा, हातात तेलरोधक मोजे, जेवणाआधी साबणाने हात धुणे, सांडलेल्या द्रवावर वाळू किंवा भुसा: यातले काहीही महाग नाही. तरी सांडलेले तेल पाण्याच्या पाइपने गटारात ढकलण्याचा मोह सुटत नाही आणि पर्यावरणाचे नुकसान तिथूनच सुरू होते. डीओपी पाण्यात विरघळतच नाही म्हटले तरी चालेल. ते गाळाला चिकटते. हवा मिळाली तर जिवाणू काही आठवड्यांत त्याचा बराचसा निकाल लावतात. पण खाडीच्या तळाशी, नाल्याच्या काळ्या चिखलात किंवा कचरा डेपोच्या पोटात हवा नसते, तिथे ते वर्षानुवर्षे पडून राहू शकते. पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत नेली तर अहवाल बरा येतो, तो याचमुळे.

युरोपात जाणाऱ्या डीओपीच्या पिंपावर एक चित्र लावावेच लागते. लाल कडेच्या चौकोनात माणसाची काळी आकृती, तिच्या छातीवर फुटलेला पांढरा तारा. कवटी नाही, ज्वाला नाही. प्रजननक्षमतेला आणि पोटातल्या गर्भाला अपाय होऊ शकतो, असे त्याखालच्या मजकुराचे सार. मग पिंप रिकामे होते, द्रव पीव्हीसीत मुरतो, त्याचा दाणा होतो, दाण्याची चप्पल होते. चित्र पिंपावरच राहते. आपल्याकडे तर ते पिंपही सुटत नाही. धुऊन पाणी साठवायला विकले जाते, टंचाईच्या गावात त्याला गिऱ्हाईकही असते. पिंपात असताना ज्या द्रवाला इशारा लागतो, त्याच द्रवाला चपलेचा आकार आला की इशारा कसा लागत नाही? नियमन करायचे ते रसायनाचे की डब्याचे, हा खरा मुद्दा आहे.

यावर पहिला आक्षेप विज्ञानाच्या नावाने घेतला जातो: हे सारे उंदरांवरचे प्रयोग आहेत. आक्षेप पोकळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८२ मध्ये डीईएचपीला ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात टाकले, ते उंदरांच्या यकृतातल्या गाठी पाहून. पुढे असे दिसले की या गाठी ज्या जैविक मार्गाने होतात तो माणसात तितका प्रबळ नाही, म्हणून २००० मध्ये संस्थेने त्याला त्या गटातून बाहेर काढले. उद्योगाने हा निर्णय पुष्कळ मिरवला. पण २०११ मध्ये नवा पुरावा तपासून त्याच संस्थेने ते पुन्हा जुन्या गटात आणून ठेवले. यकृतातला तो एकच मार्ग सारे काही सांगत नाही, हे तोवर दिसू लागले होते. शिवाय कर्करोग हा इथला मुख्य प्रश्नच नव्हे. गाभण मादीला हे रसायन दिले की नर गर्भातले टेस्टोस्टेरॉन घटते आणि पिल्लांच्या जननेंद्रियांची वाढ बिघडते, हे वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वारंवार दिसले आहे. माणसांच्या अभ्यासांतून मिळणारे संकेत त्याच दिशेचे आहेत, प्रयोगशाळेइतके निर्विवाद नाहीत. पण गर्भवतींवर असा प्रयोग करून खात्री पटवणे कोणत्याही सभ्य समाजाला शक्य नाही. तेव्हा ‘माणसातला ठोस पुरावा आणा’ ही मागणी ऐकायला वैज्ञानिक असली तरी तिचा अर्थ ‘कधीच काही करू नका’ असा होतो.

दुसरा युक्तिवाद अधिक चतुर आहे. डीईएचपी शरीरात साठत नाही, दिवस-दोन दिवसांत बहुतेक लघवीवाटे निघून जाते. खरे आहे. पण रोज जेवणातून, धुळीतून आणि कातडीतून नवा हप्ता येत असेल तर कालचा निघून गेल्याचे समाधान कशाला? गर्भाची घडण ठरावीक आठवड्यांत होते आणि त्या आठवड्यांत शरीर कोरडे राहील याची हमी हा युक्तिवाद देत नाही.

आपल्याकडे काहीच केले गेले नाही असे म्हणणे अन्याय ठरेल. खेळण्यांचा गुणवत्ता आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला आणि खेळण्यांतल्या थॅलेटांसाठी भारतीय मानक आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टन नियमांत प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या डीईएचपीला किलोमागे दीड मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पण मूल खेळणे ठेवून त्याच हाताने रेनकोट घालते, दप्तर उचलते, रेक्झिनच्या गादीवर झोपते. त्या वस्तूंना खेळण्याचा नियम लागत नाही. आणि प्लास्टिक टाळायचे म्हणून आपण लोणच्याची काचेची बरणी घेतो, तिच्या पत्र्याच्या झाकणाच्या आत बोटाने चाचपून पाहिले तर एक मऊ गोल कडे लागते. तेही बहुधा मऊ पीव्हीसीचे, आणि खाली तेलाचा तवंग. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी केली, गाजावाजाही झाला. पण एकूण आपल्या प्लास्टिकविषयक नियमांचा भर पिशवी किती मायक्रॉनची यावर राहिला. जाडी मोजली, अंगात काय आहे ते पाहिले नाही. न शोधलेले सापडत नाही. तैवानमध्ये २०११ साली पेयांना दाटपणा आणणाऱ्या पदार्थात तेलाऐवजी चक्क डीईएचपी घातले जात असल्याचे उघड झाले, तेही सरकारी प्रयोगशाळेत भलत्याच औषधाचा शोध चालू असताना आलेखावर एक अनोळखी टोक दिसले म्हणून.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि तो खरा आहे. चप्पल, नळी, केबल बनवणारे बहुतेक कारखाने लहान. किलोमागे दोन-पाच रुपये त्यांच्या नफ्या-तोट्याचा निकाल लावतात. सरसकट बंदी घातली तर ते ‘सीपी’कडे, म्हणजे क्लोरिनेटेड पॅराफिनकडे, आणखी झुकतील, जे स्वस्त म्हणून आजही डीओपीत मिसळले जाते. आणि सीपी पर्यावरणात अधिक चिवट: त्याच्या छोट्या साखळीच्या प्रकारांना टिकाऊ प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम कराराने २०१७ मध्ये आणि मधल्या साखळीच्या प्रकारांना २०२५ मध्ये बंदीच्या यादीत टाकले. आगीतून फुफाट्यात पडायचे नसेल तर दोन्हींचा विचार एकत्र हवा. पर्याय मात्र आहे. डीओटीपी नावाचा द्रव भारतातही तयार होतो. त्याच्या रेणूत डीओपीइतकेच आणि तेच अणू आहेत. फरक एवढाच, की मधल्या कड्याला जोडलेले दोन हात डीओपीत शेजारी-शेजारी असतात, डीओटीपीत समोरासमोर. एवढ्या बदलाने प्राण्यांच्या प्रयोगांत टेस्टोस्टेरॉनवरचा तो परिणाम दिसत नाही. युरोपने जुलै २०२० पासून डीओपीसह चार थॅलेटांना बहुतेक ग्राहकोपयोगी वस्तूंत ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. तिकडची मागणी घेणाऱ्या आपल्या कारखानदाराला पर्याय वापरता येतो. मग देशातल्या गिऱ्हाइकासाठी तो परवडत नाही, हे पटणे अवघड आहे.

म्हणून बंदीची घोषणा नको, पिंपावरचे चित्र वस्तूबरोबर चालत ठेवा. वजनाच्या ०.१ टक्क्याहून अधिक थॅलेट असेल तर वस्तूवर तसे छापणे मुलांच्या, अन्नाच्या आणि अंगाला लागणाऱ्या मालासाठी सक्तीचे करावे. पुढे दोन-तीन वर्षांची मुदत देऊन या तीन वर्गांत मर्यादा आणावी. भंगारातून येणाऱ्या दाण्याला हाच नियम लावला नाही तर धारावी आणि मालेगावच्या भट्ट्यांतून जुने डीओपी नव्या चपलेत परतत राहील. प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक पट्ट्यांतल्या नाल्यांचे पाणी तपासताना तळाचा गाळही उपसून तपासावा. एका ठिकाणी मात्र सवलत द्यावीच लागेल. रक्ताच्या पिशवीतले डीईएचपी तांबड्या पेशींचे आवरण टिकवते, त्यामुळे रक्त अधिक दिवस साठवता येते. तिथे पर्याय सिद्ध होईपर्यंत थांबणे शहाणपणाचे. पण नवजात अतिदक्षता विभागात बाळाच्या नाकातोंडातून जाणाऱ्या नळ्यांना तो आधार नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्येच नवजात मुलग्यांसाठी या रसायनाविना बनलेली साधने वापरण्याचा विचार करा, असे डॉक्टरांना कळवले होते. सरकारी रुग्णालयांच्या पुढच्या खरेदी निविदेत ही एक अट घालायला कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.