संडासाच्या खड्ड्यातली बाटली

माझ्या घरच्या टेबलावर, मॉनिटरच्या उजव्या हाताला, करंगळीएवढी एक काचेची कुपी आहे. हिरवट, जराशी वाकडी, काचेत बारीक बुडबुडे. ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर कुणी ना कुणी विचारतंच, "ते काय आहे?" मग मी सांगतो की ही एकोणिसाव्या शतकातली औषधाची कुपी, नेवाडातल्या एका उजाड वस्तीत सापडली. नेमकी कुठे ते सांगितलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. संडासाच्या खड्ड्यात.

आईला सांगायची चूकही करून झाली आहे.

"अरे शी! धुतलीस ना? देवघरापासून लांब ठेव."

"अगं, शंभराच्या वर वर्षं झाली त्याला."

"झाली असतील. संडास तो संडासच."

असो. मंडळी, इथे अमेरिकेत हा एक रीतसर छंद आहे. ओस पडलेल्या खाणवस्त्या शोधायच्या, तिथल्या परसातल्या संडासांचे खड्डे हुडकायचे आणि खणून जुन्या बाटल्या काढायच्या. काही बाटल्या हजारो डॉलरना जातात. मला यात ओढलं माझ्या शेजाऱ्याने. हा सत्तरीचा निवृत्त प्लंबर. "धंदा सोडला, पण संडास काही सुटला नाही," हा त्याचा ठरलेला विनोद. तीनेक वर्षांपूर्वीच्या एका वीकांताला तो मला सॅक्रामेंटोहून गाडीत घालून घेऊन गेला. वस्तीचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर पुढच्या शनिवारी तिथे आणखी चार गाड्या उभ्या राहतील.

आता पहिला प्रश्न: बाटल्या संडासात का? १८५९मध्ये कॉमस्टॉकची चांदी सापडली आणि नेवाडात रातोरात गावं उभी राहिली. कचरा उचलायला कुणी येत नसे आणि परसात एक खोल खड्डा आयताच होता. फुटकी बशी, मोडकी पाइप, रिकामी बाटली, सगळं तिकडे. शिवाय आडोसा. बायकोपासून लपवून घेतलेली दारू आणि डॉक्टरला सांगायची लाज वाटणाऱ्या रोगाची औषधं तिथेच संपवायची आणि तिथेच सोडून द्यायची. खड्डा भरला की शेजारी दुसरा खणायचा, लाकडी खोपटं त्यावर सरकवायचं आणि जुना माती-राखेने बुजवायचा. चांदी संपली, माणसं गेली, खोपटी जळणाला गेली. खड्डे राहिले.

(थोडं विषयांतर. आपल्याकडे हा छंद का नाही, यावर मी गाडीत बराच विचार केला. एक तर बाटली टाकतं कोण? आजीच्या घरी बाटलीत आधी रॉकेल, मग खोबरेल, मग भंगारवाला. दुसरं कारण तितकं गमतीचं नाही. आपल्या शहरांतल्या जुन्या वाड्यांत टोपलीचे संडास होते आणि ती टोपली रोज डोक्यावरून वाहून नेणारी माणसं ठरावीक जातींत जन्माला यायची. त्याला बंदी करणारा कायदा १९९३मध्ये आला, तो पुरला नाही म्हणून २०१३मध्ये दुसरा करावा लागला. नेवाडातल्या खाणवस्तीत हे काम लादायला अशी जात नव्हती, म्हणून खड्डाच सरकवायचा. आपल्याकडे थर साचले नाहीत त्याची किंमत कुणीतरी मोजली होती.)

खड्डा शोधणं हे खरं कसब. शेजाऱ्याकडे इंग्रजी टी-सारखी मूठ असलेला एक लांब पोलादी गज आहे. घर कुठे असेल त्याचा पायाच्या दगडांवरून अंदाज घ्यायचा, मागच्या बाजूला जायचं आणि दर फुटावर गज खुपसत राहायचं. न खणलेली जमीन कडक लागते. खड्ड्यावर गज लोण्यात शिरल्यासारखा जातो, मध्येच राख चरचरते, काच लागली तर मुठीत कळतं. मला तासभर काही कळलं नाही. तो डोळे मिटून सांगत होता, "इथे. साधारण तीन बाय चार."

वर गंजलेले पत्र्याचे डबे आणि दगड. खाली राखेचा थर. त्याखाली काळपट तपकिरी, भुसभुशीत माती, म्हणजेच मूळ ऐवज. वास अजिबात येत नाही, तिचं केव्हाच खत झालेलं असतं. फळांच्या बिया मात्र जशाच्या तशा. खड्ड्याची भिंत ढासळून या छंदात माणसं मेलेली आहेत, त्यामुळे म्हातारा मला छातीच्या खाली उतरू देईना.

पहिल्याच खड्ड्यात अकरा अख्ख्या बाटल्या निघाल्या आणि पुढचा अर्धा तास मला शिकवणी मिळाली. अंगावरची साच्याच्या जोडाची रेघ तोंडाच्या खालीच थांबली तर तोंड हाताने घडवलेलं. रेघ थेट काठावरून गेली तर बाटली यंत्राची, कारण ओवेन्सचं आपोआप बाटल्या करणारं यंत्र १९०३च्या सुमाराचं. बुडाला काच मोडल्यासारखा खडबडीत वण असेल तर बहुतेक १८६०च्या आसपासची किंवा त्याआधीची. जांभळट झाक आली असेल तर काचेत मँगनीज होतं आणि ती वर्षानुवर्षं उन्हात पडली होती. मला आपली गोटी सोड्याची बाटली आठवली. ती कॉड नावाच्या इंग्रजाची, १८७०च्या दशकातली युक्ती. अमेरिकेत त्याऐवजी तारेच्या स्प्रिंगचं बूच चालायचं, तेही दोन निघाले. बाकी व्हिस्की आणि पेटंट औषधं. त्या काळी 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' नावाचं बाळांच्या दातदुखीवरचं औषध घरोघरी असायचं आणि त्यात मॉर्फिन असायचं. १९०६च्या कायद्याने असलं काही लेबलवर छापणं सक्तीचं केलं, तोपर्यंत आयांना पत्ताच नव्हता.

खोटं कशाला बोलू, मजा आली. आठवडाभर लॉग फाइली वाचणाऱ्या माणसाला जमिनीत उलटा वाचायचा लॉग सापडला होता. सगळ्यात खाली सगळ्यात जुनी नोंद, कुणी एडिट केलेली नाही.

दुपारी दुसरा खड्डा. वस्तीच्या पूर्वेच्या टोकाला, घरांपासून जरा फटकून. उथळ होता. तपकिरी झिलईच्या जाड मडक्यांची खापरं निघाली, निळसर रंगात बांबू काढलेल्या वाडग्यांचे तुकडे, माशांचे काटे, डुकराची हाडं, काळ्या-पांढऱ्या काचेच्या गुळगुळीत सोंगट्या. आणि दोन अख्ख्या चिमुकल्या कुप्या.

"चायनीज," म्हातारा म्हणाला. "सगळं फुटकं. ओपियमच्या बाटल्या तेवढ्या घे." एक त्याने ठेवली, एक मला दिली. बाकी सगळं फावड्याने परत आत लोटलं, वरखाली एक करून. मीच लोटलं. वीस मिनिटांचं काम.

काही महिन्यांनी मी एका व्याख्यानाला गेलो. बोलणाऱ्या बाई पुरातत्त्ववाल्या होत्या. व्याख्यान संपल्यावर मी कौतुकाने खिशातून कुपी काढली. त्यांनी ती उजेडात धरली, हसल्या आणि म्हणाल्या, "याला सगळे ओपियमची बाटली म्हणतात. बहुतेक वेळा साधं औषध असायचं. पोटदुखी, डोकेदुखी." मग विचारलं, "कुठल्या थरातून निघाली?"

माहीत नव्हतं.

"बाकीचं कुठे आहे?"

त्या अजिबात रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन वाचत बसलो. सेंट्रल पॅसिफिक रेल्वेवर दहा हजारांच्या वर चिनी मजूर राबले. १८६९मध्ये रूळ जोडले गेले, नंतर त्यातले बरेच खाणवस्त्यांत पांगले. १८८२मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं, ते १९४३पर्यंत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रकल्पाने वर्षानुवर्षं शोध घेतला. त्या रेल्वे मजुरांपैकी कुणाच्याही हातचं एक पत्र, एक डायरी मिळालेली नाही. म्हणजे ही माणसं काय खायची, आजारी पडली की काय घ्यायची, संध्याकाळी काय खेळायची, हे त्यांच्या बाजूने सांगणारं जे काही उरलं आहे ते जमिनीखाली आहे. मी स्वतः एच-वन-बीवर या देशात आलेला माणूस. माझी निदान ईमेलं तरी राहतील. त्या खड्ड्यावर बसणाऱ्याचं जे काही होतं ते मी फावड्याने ढवळून टाकलं आणि वर त्याच्या पोटदुखीच्या औषधाला अफू म्हणत टेबलावर मांडलं.

माझं मत सरळ सांगतो. खड्डा खणणं हे 'डिस्ट्रक्टिव्ह रीड' आहे. वाचता वाचता पुसलं जातं, दुसऱ्यांदा वाचता येत नाही आणि बॅकअप नसतो. आपल्या धंद्यात कुणी प्रॉडक्शन डेटाबेसमधली एक देखणी ओळ कॉपी करून बाकी टेबल उडवलं, तर आपण त्याला 'डेटा वाचवला' म्हणत नाही. छंदवाले मात्र अगदी हाच शब्द वापरतात: वाचवली. अख्खी बाटली वाचते, हे खरं आहे. पण तिची किंमत ज्याच्या शेजारी ती पडली होती त्यात असते.

नेवाडातल्याच व्हर्जिनिया सिटीत २०००मध्ये एका पार्किंगच्या जागेखाली 'बॉस्टन सलून' खणलं गेलं. विल्यम ब्राउन या कृष्णवर्णीय माणसाचा १८६४ ते १८७५पर्यंत चाललेला दारूचा गुत्ता. गुत्ता म्हणायचा आपण, पण निघाले ते स्फटिकासारखे काचेचे पेले आणि मांसाच्या महागड्या तुकड्यांची हाडं. काचेच्या तुकड्यांतून जोडून एक बाटली उभी राहिली, ती टबॅस्को सॉसची. म्हाताऱ्याने हे सगळं 'फुटकं' म्हणून लोटलं असतं. मीही.

कायदा इथे पुरेसा नाही. सरकारी जमिनीवर शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवान्याशिवाय खणणं १९७९च्या कायद्याने गुन्हा आहे आणि नेवाडाची सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारचीच आहे. कॅलिफोर्नियातलं बोडी हे ओस गाव १९६२पासून राज्याचं उद्यान आहे, तिथून खिळाही उचलता येत नाही. (उचलला तर शाप लागतो म्हणे. लोक घाबरून माफीच्या पत्रासकट वस्तू पोस्टाने परत पाठवतात. कायद्यापेक्षा शाप भारी!) पण खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की सगळं माफ. आमच्याकडे होती, लेखी.

हे सगळं मी म्हाताऱ्याला ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "मी तीस वर्षं खणतोय. तुझे प्रोफेसर एकदाही आले नाहीत. दोन खड्डे माझ्या डोळ्यांदेखत बुलडोझरखाली गेले. तेव्हा कोण आलं होतं?" याला माझ्याकडे धड उत्तर नाही. आणि काचेवरून साल ओळखायची त्याची नजर माझ्या सात जन्मांत यायची नाही. या विद्येतला मोठा वाटा छंदवाल्यांनीच गोळा केला आहे, तो नाकारणं कृतघ्नपणा होईल.

"आणि तज्ज्ञांनी ठेवलेलं तरी कुठे सुरक्षित असतं?" हेही त्याने विचारलं. बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. न्यूयॉर्कमधल्या फाइव्ह पॉइंट्सचं (२००२च्या 'गँग्ज ऑफ न्यूयॉर्क'मधली तीच बदनाम वस्ती) १९९१मध्ये उत्खनन झालं. संडासाचे खड्डेही खणले. साडेआठ लाखांच्या आसपास वस्तू निघाल्या आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या सहा नंबरच्या इमारतीच्या तळघरात ठेवल्या. ११ सप्टेंबर २००१. प्रदर्शनासाठी उसन्या दिलेल्या १८ वस्तू तेवढ्या वाचल्या. पण कुठल्या खड्ड्यात काय होतं याचे अहवाल आणि फोटो मागे राहिले. त्यावरून आजही कळतं की जिला नुसतं चोरांची आणि वेश्यांची वस्ती म्हणत होते, तिथल्या आयरिश कुटुंबांकडे चहाची चांगली कपबशी होती. लाखो वस्तू गेल्या तरी एवढं हाती राहिलं. माझ्याकडे वस्तू आहे आणि बाकी काही नाही.

म्हणून मी छंद बंद करा म्हणत नाही. चाळणी घ्या, वही घ्या, फूटपट्टी लावून फोटो काढा, फुटकं ठेवा, जवळच्या संग्रहालयाला आधी एक फोन करा. आणि हे करायचा कंटाळा असेल तर खड्डा आहे तसा राहू द्या. गावाच्या टोकाचे तर नक्कीच.

कुपीखाली आता मी एक चिठ्ठी ठेवली आहे: नेवाडा, पूर्वेचा खड्डा, खोली तीन फूट. नंतर 'तीन' खोडून 'चार' केलं. मग दोन्ही खोडलं. गेल्या रविवारी म्हाताऱ्याचा फोन आला, पुढच्या महिन्यात परत जाऊ म्हणाला. मी म्हटलं येतो, पण चाळणी आणतो, आणि एक ताडपत्री. पलीकडे जरा वेळ शांतता.

"आणि ती उचलणार कोण?" तो म्हणाला.

"मी उचलतो की."

"मग तीन दिवस लागतील."

शुक्रवारची रजा टाकली आहे.