दाद

आमच्या यवतमाळच्या वसाहतीत गणेशोत्सवात दरवर्षी एक भांडण ठरलेले असते. मूर्ती केवढी असावी किंवा वर्गणी किती घ्यावी यावर ते होत नाही. ते होते सिनेमावर. पाचव्या दिवशी रात्री मंडपासमोर पांढरा पडदा टांगून एक चित्रपट दाखवायचा, ही आमच्याकडची जुनी चाल. पूर्वी त्यासाठी रिळांच्या पेट्या आणि खडखडणारे यंत्र लागे. आता मुठीत मावेल एवढ्या डबीतून सगळे निघते. यंत्र बदलले, भांडण मात्र जसेच्या तसे राहिले.

यंदा युद्धपट दाखवायचा, इथपर्यंत एकमत झाले. पुढे दोन तट पडले. मुलांचे म्हणणे, ‘उरी’ लावा. माझ्या वयाच्या मंडळींचे, म्हणजे १९९७ साली शाळा-कॉलेजात असलेल्यांचे म्हणणे, ‘बॉर्डर’सारखा युद्धपट झाला नाही. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले आमचे तीर्थरूप इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, “‘हकीकत’ लावा.”

“कधीचा आहे, काका?” एकाने विचारले.

“१९६४ चा.”

“रंगीत आहे ना?”

“नाही.”

“पण शेवटी आपण जिंकतो ना?”

“नाही,” बाबा म्हणाले.

यावर जी शांतता पसरली तिच्यात ठराव बुडायचाच. पण वर्गणीची पहिली पावती दरवर्षी बाबांच्या नावाने फाटते, आणि पंचाहत्तरीच्या माणसाला नाही कसे म्हणायचे, म्हणून ‘हकीकत’ मंजूर झाला. प्रास्ताविकाचे दोन शब्द माझ्याकडे आले. मराठीचा प्राध्यापक म्हटला की त्याच्या नशिबी प्रास्ताविक नाही तर आभारप्रदर्शन, दोहोंपैकी एक लिहिलेलेच असते.

दोन शब्दांची तयारी म्हणून मी बाबांनाच विचारले, “हाच का?” त्यावर त्यांनी जे सांगितले ते दोन शब्दांत मावणारे नव्हते.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनचा हल्ला सुरू झाला, आणि जेमतेम आठवडाभरात दिवाळी आली. बाबा तेव्हा बारा वर्षांचे, दारव्ह्याला शाळेत. शेजारच्या घरी रेडिओ होता. त्याच्याभोवती गल्ली गोळा होई आणि बातम्या संपल्या की कोणाशी काही न बोलता पांगे. आजीने कानांतली फुले काढून संरक्षण निधीला दिली. त्या वर्षी आमच्या घरी आकाशकंदील लागला नाही. पुढे महिनाभरातच यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला असे सगळीकडे लिहून आले. मोठ्यांच्या माना थोड्या वर झाल्या. पण हरलो म्हणजे नेमके काय झाले, हे मुलांना कोणी सांगितले नाही.

ते त्यांना कळले तीन वर्षांनी, १९६५ च्या दिवाळीच्या सुटीत. सप्टेंबरचे युद्ध नुकतेच थांबले होते. दारव्ह्याहून ‘शकुंतले’त बसून ते मामांकडे यवतमाळला आले. ही आमची अरुंद रुळांची गाडी. धावत्या गाडीतून उतरावे, बांधावरची बोरे तोडावी आणि पुन्हा चढावे, अशी तिची ख्याती. ती बंद पडून आता काही वर्षे झाली. मामांनी सिनेमाला नेले, तो ‘हकीकत’. “येताना टांग्यात मामा एक अक्षर बोलले नाहीत,” बाबा म्हणाले, “आणि घरी आल्यावर मामीने विचारलं, कसा होता सिनेमा? तर म्हणाले, जेवायला नको मला.”

चेतन आनंद यांनी हा चित्रपट काढला तेव्हा युद्धाची जखम ओली होती. मे १९६४ मध्ये नेहरू गेले. चित्रपट त्यांना आणि लडाखच्या जवानांना अर्पण केलेला आहे. प्रत्यक्ष लडाखच्या उघड्या डोंगरांत त्याचे चित्रण झाले. बलराज सहानी, जयंत, तेव्हाचा तरुण धर्मेंद्र, प्रिया राजवंश हिचा पहिलाच चित्रपट, मदनमोहन यांचे संगीत आणि कैफी आझमी यांची गीते. पण ज्या काळात पडद्यावरचा नायक हरत नसे, त्या काळात यांनी एक माघार चित्रित केली. आधी गोळी झाडायची नाही असा हुकूम असलेली, संख्येने थोडी आणि वेढ्यात सापडलेली तुकडी मागे सरते आहे, आणि सोबत्यांना निसटता यावे म्हणून कॅप्टन आणि ती लडाखी मुलगी शत्रूला थोपवून मरतात. कथा म्हणायची तर एवढीच.

तिच्यामागची खरी गोष्ट याहून उघडीवाघडी आहे. सैनिकांच्या अंगावर त्या थंडीला पुरतील असे कपडे नव्हते, हातांत दुसऱ्या महायुद्धाच्या वेळच्या बंदुका होत्या. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी सोळा हजार फुटांहून उंच असलेल्या रेझांगला खिंडीत मेजर शैतानसिंग यांची तेरा कुमाऊँ पलटणीची एक कंपनी, सुमारे एकशेवीस माणसे, जागची हलली नाही; शंभरावर तिथेच पडली. पुढच्या वर्षी त्यांची गोठलेली शरीरे सापडली तेव्हा कित्येकांच्या हातांत शस्त्रे तशीच होती.

पराभवाची आठवण जपणे मराठी माणसाला नवे नाही. १७६१ चे पानिपत आपण अजून बोलण्यात वागवतो, आणि १९८८ साली त्यावर विश्वास पाटलांची कादंबरी आली तेव्हा घरोघरी वाचली गेली. पण पानिपताला दोनशे वर्षे होऊन गेली होती. इथे दोनच वर्षे झाली होती, आणि सिनेमागृहात बसलेल्यांपैकी कोणाचा मुलगा अजून सीमेवर होता. शिवाय शत्रू कोण, तर कालचा भाऊ! सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांनी चिनी सैनिकांची शुश्रूषा करता करता १९४२ साली तिथेच देह ठेवला. शांतारामबापूंनी त्यांच्यावर काढलेला बोलपट १९४६ साली लोकांनी डोळे पुसत पाहिला होता. त्याच प्रेक्षकांच्या पुढ्यात आता हा आला.

असे सगळे मी टिपून ठेवले होते. प्रत्यक्षात मंडपात शेदीडशे माणसे, लहान मुलांचा गोंधळ आणि प्रसादाची घाई यांत मला मिळाली तीन मिनिटे. त्यांत मी एवढेच सांगितले की मराठीत हकीकत म्हणजे घडलेली गोष्ट सांगणे आणि हिंदीत हकीकत म्हणजे सत्य. आज दोन्ही अर्थ ध्यानात ठेवून पाहा.

पहिला अर्धा तास वाईट गेला. मुले चुळबुळ करू लागली, दोघेतिघे भेळ आणायला गेले. मग लताबाईंचे ते दिवाळीचे गाणे आले, अंधारलेल्या दिवाळीचे. बायकांच्या बाजूची कुजबुज थांबली. मग बर्फात अडकलेले जवान घरची आठवण काढून गातात ते रफी, तलत, मन्ना डे आणि भूपिंदर या चौघांचे गाणे आले. भेळवाली मुले परत येऊन खाली बसली होती आणि पुडे तसेच हातांत होते. शेवटी बर्फात विखुरलेल्या त्या निश्चल देहांवरून रफीसाहेबांचा आवाज फिरला. पडदा पांढरा झाला. आणि कोणीही टाळी वाजवली नाही.

खरे सांगतो वाचकहो, मी खट्टू झालो. दोन वर्षांपूर्वी याच मंडपात ‘बॉर्डर’ला रणगाडा उडाला की शिट्ट्या पडत होत्या. वाटले, बाबांची हौस झाली, पण कार्यक्रम पडला.

आणखी एक गोष्ट मनाला लागली होती. शेवटच्या ओळीत आबाजी बसले होते. फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले, आता ऐंशी ओलांडलेले. १९६२ च्या त्या दिवसांत ते लडाखमध्ये होते. त्यांना मीच आग्रहाने बोलावले होते, आणि शेवटाच्या जरा आधी ते उठून निघून गेले होते. काही खुपले असेल, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो.

“आबाजी, काल मधूनच उठलात? सिनेमा आवडला नाही का?”

“मले शेवट मालूम आहे, सर,” ते म्हणाले. “शेवटी लोक टाळ्या वाजोतात. थे काही मले आयकवत नाही. म्हून उठलो.”

मी गप्प राहिलो. सुनेने चहा आणला. बशीत ओतलेला चहा निवेपर्यंत ते त्याच्याकडे पाहत होते. मग आपणहून बोलू लागले.

“आमी सुट्टीवर आलो तवाची गोठ. गाडीतून उतरलो त गावातला एक जन म्हने, काहून गा, पयून आला का? हासत म्हने. जो मेला त्याच्या फोटोले हार चढला, सर. जो जित्ता आला त्याले सवाल. दोन वर्सं म्या वर्दी पेटीतून काढली नाही सुट्टीत. मंग हा सिनेमा आला, तंबूत. अख्खं गाव पायाले गेलं. दुसऱ्या दिवशी थोच मानूस घरी आला. काही बोलला नाही. बसला, चहा पेला, अन् गेला. तवापासून कोनी काही इचारलं नाही.”

मी म्हणालो, “आबाजी, काल टाळ्या वाजल्या नाहीत. एकही नाही.”

त्यांनी मान वर केली. बराच वेळ माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, “मंग बरं झालं.”

परत येताना मला माझ्याच विषयातला एक शब्द नव्याने आठवत राहिला. दाद. वर्गात मी दरवर्षी सांगतो: शब्द फारसीतून आला, मूळ अर्थ न्याय. म्हणून दाद मागायची असते ती दरबारात, कचेरीत. दाद लागली म्हणजे न्याय मिळाला. गाण्याला, कवितेला, रांगोळीला आपण देतो ती दाद पुढची. तिच्यातला न्याय झिजून केवळ ‘वाहवा’ उरली. दाद मागणे म्हणजे काय हे आमच्या कापसाच्या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. पण दाद देण्याच्या बाबतीत आम्हीही टाळीपाशीच थांबतो.

त्या तंबूतल्या सिनेमाने आबाजींना दिली ती जुनी, मुळातली दाद. हार झाली होती, कसूर नव्हती. हा निवाडा ना कुठल्या कचेरीत झाला ना गावच्या पंचायतीत. तो झाला अंधारात सतरंजीवर बसलेल्या प्रेक्षकांच्या मनात, आणि हसून विचारणारा एक माणूस दुसऱ्या दिवशी मुकाट्याने चहा पिऊन गेला. ‘हकीकत’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, समीक्षकांनी वाखाणले, ते सारे योग्यच, पण त्या एका कप चहाएवढी मोठी पावती मला माहीत नाही. मामांना त्या रात्री जेवण नको झाले, तीही त्याच जातीची. विजयाच्या चित्रपटाला टाळ्या शोभतात, त्या जरूर वाजवाव्या. शिट्ट्यांवरही माझा राग नाही. ‘बॉर्डर’ पुन्हा लागला तर मीही वाजवीन. फक्त काही चित्रपट प्रेक्षकाकडून टाळी मागत नाहीत, निवाडा मागतात, आणि तो देताना हात आपोआप मांडीवर राहतात, हे मला या वयात, इतकी वर्षे रसग्रहण शिकवून झाल्यावर कळले.

गेल्या आठवड्यात वसाहतीतली मुले दिवाळी पहाटेची वर्गणी मागायला आली. जाताना त्यांतला एक, ‘जिंकतो ना आपण’ म्हणून विचारणारा, दारात घुटमळला. म्हणाला, “सर, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आबाजींकडे जायचं म्हणतोय आम्ही. फराळ घेऊन. पण तिथे बोलायचं काय?”

मी म्हटले, “काही बोलू नका. बसा, चहा घ्या, आणि या.”