मॉर्फिनचे भय

नीमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत अफूवर प्रक्रिया होते; आणि याच देशात कर्करोगाचे असंख्य रुग्ण अखेरच्या दिवसांत मॉर्फिनच्या गोळीवाचून तळमळतात! १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचा धाक एवढा, की अनेक रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच सोडले. २०१४च्या दुरुस्तीने परवान्यांचे जंजाळ कमी झाले, भय मात्र उरले. ते सर्वस्वी अनाठायी नाही. अमेरिकेत १९९६नंतर ऑक्सिकोडोनच्या गोळ्या सढळ हाताने लिहिल्या गेल्या, त्यातून व्यसनाचे थैमान माजले.

यावर उपाय, वेदनाशमन केंद्रात डॉक्टरांच्या जोडीला प्रशिक्षित फार्मासिस्ट. मात्रा पडताळणे, मूत्रपिंड दुबळे असल्यास सावध करणे, सोबत झोपेच्या गोळ्या चालू आहेत का हे विचारणे, बद्धकोष्ठावर पहिल्याच दिवशी रेचक सुचविणे, गोळीगोळीचा हिशेब ठेवणे, ही त्याचीच विद्या. आपल्याकडे मात्र फार्मासिस्ट म्हणजे बहुधा दुकानाच्या भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र!

चरकसंहितेत वेदनास्थापन द्रव्यांचा स्वतंत्र वर्ग आहे. वेदना प्रारब्ध म्हणून सोसावी, असे आपले वैद्यक सांगत नाही. सेवाभावी रुग्णालयांनी प्रारंभ करावा. प्रत्येकी एक फार्मासिस्ट या कामी मोकळा केला, तरी तूर्त पुरे.